देवाची फिर्याद

मृत समुद्राच्या पूर्वेस, आजच्या जॉर्डन देशातील धीबान या गावी १८६८ साली एका मिशनऱ्याच्या नजरेस काळ्या बसाल्टाचा एक कोरीव शिलास्तंभ पडला. पुढे त्याच्या मालकीवरून तंटा माजला तेव्हा स्थानिक टोळीवाल्यांनी त्याचे तुकडे केले, आणि ते सांधून उभा केलेला स्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील मवाबचा राजा मेशा याने तो आपल्या विजयांच्या स्मरणार्थ कोरविला होता. इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ पीडा दिली याचे कारण तो त्या लेखात निःसंकोचपणे असे देतो की मवाबचा देव कमोश आपल्याच भूमीवर कोपला होता. पुढे कमोशची कृपा झाली आणि मेशाने एकामागून एक गावे परत घेतली. देव मुळात कशाने कोपला होता याविषयी मात्र त्या लेखात एक अक्षरही नाही, आणि ही उणीव खुद्द मेशाला कधी जाणवली असेल असे वाटत नाही, कारण दुष्काळ जसा येतो आणि जातो तसाच देवाचा कोपही येतो आणि जातो, त्याची कैफियत कोणी कोणाकडे मागावयाची नसते, अशीच त्याची समजूत असावी.

मवाबच्या शेजारी, त्याच बोलीच्या सख्ख्या बहिणीसारख्या भाषेत जे हिब्रू संदेष्टे पुढील तीन-चार शतके बोलत राहिले, त्यांच्या वाणीतही देवाचा कोप विपुल आहे. इतका की घाईने वाचणाऱ्यास त्यापलीकडे काही दिसत नाही. परंतु त्या कोपाच्या पोटात दुसरी एक भावना आहे, आणि तिला निराशा याखेरीज दुसरे नाव देता येत नाही. कोप करावयास सामर्थ्य पुरते. निराश व्हावयास मात्र आधी काहीतरी अपेक्षा बाळगावी लागते, आणि अपेक्षा त्याच्याविषयीच बाळगता येते ज्याच्या हाती होकार आणि नकार दोन्ही आहेत. आमोस आणि होशेय यांनी आठव्या शतकाच्या मध्यास उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात, यशया व मीखा यांनी त्यानंतर दक्षिणेकडील यहूदात, यिर्मया व यहेज्केल यांनी यरुशलेमच्या विनाशाच्या आगेमागे, आणि मलाखीने बाबेलच्या बंदिवासातून लोक परतल्यानंतरच्या पारशी अमलात जे सांगितले, त्यात परिस्थितीचा फरक पुष्कळ आहे. पण आपली प्रजा आपल्याला उत्तर देऊ शकते आणि तरीही देत नाही, या गोष्टीने व्यथित झालेला देव त्या सर्वांच्या ठिकाणी आढळतो.

या देवाचे आणि त्याच्या प्रजेचे नाते जुन्या करारात ज्या साच्यात घातलेले आहे तो साचा राजदरबारातला आहे. पश्चिम आशियातील सार्वभौम राजे आपल्या मांडलिकांशी तहनामे करीत. इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतील हित्ती राजांच्या तहनाम्यांत आरंभी सार्वभौमाने मांडलिकावर केलेल्या उपकारांचे स्मरण असते, मग अटी येतात, मग साक्षीदार म्हणून देवदेवता आणि त्यांच्या जोडीला आकाश, पृथ्वी, पर्वत व नद्या यांची नोंद होते, आणि शेवटी तह मोडणाऱ्याच्या माथी मारावयाच्या शापांची लांबलचक माळ गुंफलेली असते. १९५५ साली इराकमधील निमरूद येथे अश्शूरचा सम्राट एसारहद्दोन याच्या मृत्तिकापट्टिका सापडल्या. आपल्यामागे युवराज अशुरबनिपाल यालाच गादी मिळावी म्हणून त्याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून ज्या शपथा वदवून घेतल्या त्यांचा मजकूर या पट्टिकांवर आहे, आणि त्यात युवराजावर आपल्या जिवाइतके प्रेम करावे अशी एक स्पष्ट अट घातलेली आहे. तात्पर्य, त्या काळच्या राजनीतीत प्रेम ही केवळ अंतःकरणातील वृत्ती नव्हती. ते मांडलिकाचे करारबद्ध कर्तव्य होते, आणि त्यात कसूर झाल्यास फौज चालून येत असे.

संदेष्ट्यांनी हा साचा घेतला खरा, परंतु घेताना त्यातील एक गोष्ट अशी उलटी केली की सारा तहनामाच निराळा झाला. मीखाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात रीतसर पेशी भरते. फिर्यादी परमेश्वर आहे, प्रतिवादी त्याची प्रजा आहे, आणि साक्षीसाठी दरबारी रिवाजाप्रमाणे पर्वतांना व पृथ्वीच्या पायांना पाचारण झालेले आहे. आता फिर्यादीने कलमे वाचावीत, भंगाची रुजुवात करावी आणि शाप लागू करावेत, अशी आपली अपेक्षा असते; पण तो उठून पहिलाच प्रश्न असा करतो की मी तुमचे काय बिघडविले, कोणत्या गोष्टीने तुम्हांस शिणविले, ते मला सांगा. स्वतःच्या वर्तनाची चौकशी प्रतिवादीच्या स्वाधीन करणारा असा सार्वभौम एसारहद्दोनच्या पट्टिकांत शोधूनही सापडणार नाही. त्यानंतर तो मिसर देशातील दास्यातून केलेल्या सुटकेची आठवण देतो, आणि प्रजा जेव्हा घाबऱ्या घाबऱ्या हजारो मेंढे, तेलाच्या नद्या, किंबहुना ज्येष्ठ पुत्राचा बळी अशी चढत्या भाजणीने खंडणी देऊ करते, तेव्हा तिला उत्तर मिळते की मागणी खंडणीची नव्हतीच, ती शेजाऱ्याशी न्यायाने व ममतेने वागण्याची होती. भक्त देवाशी भांडतो, त्याला कठोर म्हणतो, त्याच्या दारी धरणे धरतो, हा प्रकार नामदेव-तुकारामांच्या अभंगांमुळे मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे; येथे धरणे धरून बसला आहे तो देव.

फिर्यादीचा विषयही नीट पाहण्याजोगा आहे. परक्या देवांची उपासना एवढाच तो नव्हता. आमोस हा यहूदातील तकोवा गावचा मेंढपाळ. दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या कारकिर्दीत तो सरहद्द ओलांडून बेथेलच्या राजमान्य मंदिरात जाऊन बोलू लागला, तेव्हा तेथील याजक अमस्या याने राजाकडे त्याच्याविरुद्ध राजद्रोहाची वर्दी धाडली आणि त्याला आपल्या मुलखात जाऊन पोट भरण्यास सांगितले. आमोसाच्या आरोपपत्रातील कलमे बाजारपेठेतली आहेत: माप लहान आणि वजन मोठे करणे, धान्यात फोलपट मिसळणे, एका वाहणजोडाच्या किमतीसाठी गरिबाला विकणे, आणि तारण म्हणून ओढून घेतलेल्या वस्त्रांवर वेदीपाशी लोळणे. यातील शेवटचे कलम समजण्यासाठी मोशेच्या नियमशास्त्रातील एक तरतूद ठाऊक असावी लागते. गरिबाचे पांघरूण तारण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घेण्यास त्याच्यापाशी दुसरे काही नसते, असे तेथे सांगितले आहे. भूमध्य समुद्रकाठच्या एका लहानशा किल्ल्याच्या अवशेषांत १९६० साली ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातील एक खापरी मिळाली. तिच्यावर एका कापणी करणाऱ्या मजुराचा तेथील अंमलदाराकडे केलेला अर्ज शाईने लिहिलेला आहे. आपण नेमून दिलेले धान्य मोजून भरले असताना मुकादमाने आपले वस्त्र जप्त केले, बरोबरीचे मजूर साक्ष देतील, सबब वस्त्र परत देवविण्यात यावे, असा त्याचा आशय आहे. त्या अर्जाचा निकाल काय लागला हे खापरीवर नाही. आमोस होऊन गेल्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला असतानाही तीच तक्रार तशीच्या तशी जिवंत होती, एवढे मात्र तिच्यावरून कळते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही मातीने राखून ठेवला आहे. उत्तरेकडील राजधानी शोमरोन येथे हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात १९१० साली ज्या खापऱ्या निघाल्या, त्यांवर निरनिराळ्या गावांहून आलेल्या जुन्या द्राक्षासवाच्या व शुद्ध तेलाच्या पावत्या आहेत, आणि त्या बहुधा यराबामाच्याच काळातील आहेत. पुढील उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे शेकडो तुकडे सापडले. हस्तिदंती पलंगांवर पहुडलेली, वाडगे भरभरून मद्य पिणारी, उंची तेल अंगाला चोळणारी आणि देशाच्या दुर्दशेचे यत्किंचितही दुःख नसलेली जी मंडळी आमोसाने चितारली आहे ती त्याच्या कल्पनेतली नव्हती. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतले आणि ती सारी वस्ती उधळली गेली.

आमोसाच्या बोलण्यात अश्रू क्वचितच दिसतात. ते दिसतात त्याच्या मागोमाग आलेल्या होशेयाच्या ठायी. होशेयाची पत्नी गोमेर त्याला सोडून इतरांच्या मागे गेली, आणि आपल्या संसाराची ही विटंबना हेच परमेश्वराच्या दुःखाचे चित्र आहे असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याच्या एका मुलीचे नाव दया न पावलेली अशा अर्थाचे आणि धाकट्या मुलाचे नाव माझी प्रजा नव्हे अशा अर्थाचे होते. आजच्या वाचकास त्या मुलांची कणव यावी, आणि ती यावी हे योग्यच आहे. पुढे एका स्त्रीला पंधरा शेकेल रुपे आणि काही माप जव मोजून होशेय परत आणतो. ती गोमेरच असावी असे बहुतेक टीकाकार मानतात.

दांपत्याच्या या रूपकाला एक काळी बाजू आहे, आणि ती झाकून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. अपमानित पती पत्नीला उघडी करीन, तहानेने मारीन असे म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडून देवच बोलतो आहे असे मानले, तर कोणत्याही घरातील निर्दय नवऱ्याच्या हाती सनद पडल्यासारखे होते. यहेज्केलाने सोळाव्या अध्यायात हेच रूपक इतके ताणले आहे की ते वाचताना त्या स्त्रीच्या पक्षाने उभे राहावेसे वाटते. ही अस्वस्थता केवळ आधुनिक आहे असेही नाही. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात रब्बी एलिएझर यांचे मत नोंदलेले आहे, आणि ते असे की हा अध्याय सभास्थानात वाचू नये.

माझ्या मते होशेयाची खरी थोरवी त्याच्या अकराव्या अध्यायात आहे, कारण तेथे तो पतीचे रूपक बाजूला ठेवून पित्याचे हाती घेतो. लहानग्या एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, हाताला धरून चालावयास शिकविले, त्याला उचलून घेतले, वाकून भरविले, आणि आता हाका माराव्यात तितका तो दूर जातो, अशी ती आठवण आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथातील नियमाप्रमाणे हट्टी व बंडखोर मुलाला आईबापांनी वेशीवरील वडीलधाऱ्यांपुढे उभे करावे आणि गावाने त्याला धोंडमार करावा असा दंड होता. म्हणजे या पित्याच्या बाजूने कायदा आहे, पुरावा आहे, आणि निवाडा करण्याचा अधिकारही दुसऱ्या कोणाचा नसून त्याचाच आहे. असे असून ऐन शिक्षेच्या क्षणी तो स्वतःलाच विचारतो की सदोमाच्या जोडीने उलथून गेलेल्या नगरांसारखी तुझी गत मी कशी करू. आणि जी उलथापालथ नगरांची व्हावयाची ती त्याच्या अंतःकरणाची होते. याचे कारण तो असे देतो की आपण मनुष्य नसून देव आहोत. सामान्यतः लोक देवाचे देवपण त्याच्या अढळ न्यायात पाहतात. होशेयाने ते रागाला आवर घालण्यात पाहिले.

येथवर केवळ फिर्यादीची बाजू आली. प्रतिवादीची ऐकल्याशिवाय हा दावा समजणार नाही. ही प्रजा राहत होती त्या कनान देशाची शेती नाईल अथवा फरात यांसारख्या महानदीच्या पाण्यावर नव्हे, तर आभाळातून पडणाऱ्या पावसावर अवलंबून होती. आणि सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारीत येथे १९२९ पासून सापडलेल्या पट्टिकांतील काव्यांवरून दिसते की बआल हा मेघांवर आरूढ होणारा, पाऊस पाडणारा देव मानला जात असे. वाळवंटातून सोडवून आणणारा देव वेगळा आणि शेत पिकविणारा देव वेगळा, तेव्हा दोघांनाही संतुष्ट राखावे, असा हिशेब एखाद्या कुणब्याने केला असेल तर तो मूर्ख खचित नव्हता. सिनाईच्या ईशान्य भागात कुंतिलेत अज्रूद येथे १९७५-७६ मध्ये मिळालेल्या, इ.स.पू. ८०० च्या आसपासच्या रांजणांवर शोमरोनच्या यहोवाच्या नावाबरोबरच अशेरेचे, म्हणजे बहुधा त्या नावाच्या देवीचे, नाव घालून आशीर्वाद लिहिलेले आहेत. ते लिहिणाऱ्यास आपण बेइमानी करीत आहोत असे स्वप्नातही वाटले नसेल. खुद्द यिर्मयाच्या ग्रंथात, यरुशलेम पडल्यावर मिसर देशात पळून गेलेल्या यहूदी लोकांचा, विशेषतः स्त्रियांचा, सडेतोड जबाब नमूद आहे: आम्ही आकाशाच्या राणीला धूप जाळीत होतो तोवर पोटभर अन्न होते, ते बंद केल्यापासून तलवार आणि दुष्काळ यांनी आमचा नाश झाला, आणि त्या राणीसाठी पोळ्या भाजल्या त्या काही आमच्या नवऱ्यांच्या नकळत नव्हेत. प्रतिपक्षाचा इतका बिनतोड युक्तिवाद आपल्याच धर्मग्रंथात न कापता ठेवला गेला, याबद्दल त्या ग्रंथाच्या संपादकांना मी मानतो.

यिर्मया हा अनाथोथ गावच्या याजकघराण्यातला, आणि या साऱ्या परंपरेत देवाची निराशा त्याच्याइतकी कोणी स्वतःच्या देहामनावर वागविली नाही. त्याच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर वधूच्या पहिल्या प्रेमाची, पेरणी नसलेल्या रानातून आपल्या मागोमाग आलेल्या तरुण इस्राएलाची आठवण काढतो, आणि मग पश्चिमेस सायप्रसच्या बाजूला व पूर्वेस केदारच्या वाळवंटात माणसे पाठवून चौकशी करण्यास सांगतो की देव नसलेले देवही कोणत्या राष्ट्राने कधी बदलले आहेत काय. त्यानंतर येतो तो टाक्यांचा दृष्टांत. यहूदाच्या डोंगराळ मुलखात साधारण मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ पडत नाही. त्यामुळे चुनखडीच्या खडकात टाकी खोदून, आतून चुन्याचा गिलावा देऊन हिवाळ्यातील पाणी साठविण्याची रीत घरोघर होती, आणि गिलाव्याला तडा गेला की वर्षाचे पाणी एखाद्या महिन्यात नाहीसे होऊन तळाशी केवळ चिखल उरत असे. अशा मुलखात वाहता झरा दाराशी असताना कोणी तो टाकून, घाम गाळून, खडक फोडून, फुटकी टाकी खोदीत बसावे, यातील वेडेपणा श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नसेल. गुन्ह्याचा संताप त्या दृष्टांतात आहेच. पण वाया गेलेल्या श्रमाची हळहळ त्याहून अधिक आहे. पुढे यरुशलेमच्या वेढ्याच्या दिवसांत यिर्मयालाच अशा एका टाक्यात सोडण्यात आले, आणि तेव्हा त्यात पाणी नव्हते, चिखल होता.

त्याच्या चरित्रातील एक प्रसंग मला या संपूर्ण विषयाच्या मध्यभागी ठेवण्याजोगा वाटतो. यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६०५ च्या सुमारास, आजवरची सर्व वचने गुंडाळीवर लिहून काढण्याची आज्ञा त्याला झाली, आणि लेखक बारूख याने ती उतरून घेतली. या आज्ञेचे जे प्रयोजन सांगितले आहे त्यात परमेश्वराच्या तोंडी ‘कदाचित’ असा शब्द आहे: कदाचित हे लोक ऐकतील, वळतील, आणि मला क्षमा करता येईल. पुढच्या वर्षी, हिवाळ्यात, राजा शेगडीपाशी बसला असताना ती गुंडाळी त्याच्यापुढे वाचली गेली. तीन-चार रकाने वाचून होताच तो लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि विस्तवात टाकी, आणि अशा रीतीने त्याने ती सगळी जाळली. परमेश्वराने दुसरी लिहावयास लावली, आणि तीत आणखी मजकूर घातला. सर्वज्ञ मानलेल्या देवाने कदाचित म्हणावे ही गोष्ट तत्त्ववेत्त्यांना फार अवघड गेली आहे. बाराव्या शतकातील थोर यहुदी पंडित मैमोनिदेस याने निर्वाळा दिला की ईश्वराच्या ठिकाणी विकार संभवत नाहीत, आणि त्याचा कोप अथवा खेद म्हणजे त्याच्या कृतीला मनुष्याने दिलेले नाव होय. अब्राहाम योशुआ हेशेल यांनी बर्लिनमधील आपल्या प्रबंधात व पुढे १९६२ सालच्या संदेष्ट्यांवरील ग्रंथात नेमका उलट पक्ष घेतला: मनुष्याच्या वागण्याने ईश्वर खरोखर हेलावतो, आणि या हेलावण्यात सहभागी होणे हेच संदेष्ट्याचे कार्य. मैमोनिदेसाचे तर्कशास्त्र अधिक निर्दोष आहे याविषयी मला शंका नाही. परंतु यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायातील तो एक शब्द त्यात मावत नाही.

परंपरेच्या शेवटी, इ.स.पू. पाचव्या शतकात, मलाखीच्या वेळेस ही फिर्याद जवळजवळ घरगुती कुरबुरीच्या पातळीवर आलेली आढळते. मंदिर पुन्हा बांधून झाले आहे, मूर्तिपूजेचे फारसे भय राहिलेले नाही, आणि लोक यज्ञ करीत आहेत. मात्र वेदीवर येणारी जनावरे आंधळी, लंगडी व रोगट आहेत. परमेश्वर म्हणतो की मी तुमच्यावर प्रीती केली, तर उलट प्रश्न येतो की ती कशावरून. तेव्हा तो उपरोधाने सुचवितो की हेच जनावर आपल्या सुभेदाराला नजर करून पाहा, तो प्रसन्न होतो का ते बघा. पारशी साम्राज्याच्या एका लहानशा प्रांतात, जेथे सुभेदाराची मर्जी म्हणजे काय हे प्रत्येकास ठाऊक होते, तेथे हा टोला वर्मी बसला असला पाहिजे.

या सर्व वचनांचे पुढे काय झाले हे यहुदी उपासनेच्या पंचांगात पाहावयास मिळते. दोन्ही मंदिरांच्या विनाशाबद्दल आव महिन्याच्या नवमीस उपवास असतो. तिच्या आधीच्या तीन शब्बाथांना सभास्थानात फटकाऱ्याचे पाठ वाचतात: यिर्मयाच्या पहिल्या दोन अध्यायांतून दोन, आणि यशयाच्या पहिल्या अध्यायातील तो एक, ज्यात बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या गव्हाणीला ओळखते पण वाढविलेली मुले ओळखत नाहीत अशी तक्रार आहे. नवमीनंतर सलग सात शब्बाथ यशयाच्याच उत्तरार्धातील सांत्वनाचे पाठ चालतात. कोकणातील बेने इस्राएल समाजात या उपवासाला, त्याच्याशी निगडित झालेल्या वालाच्या बिरड्यावरून, बिरड्याचा रोजा असे नाव आहे. त्या दिवशी विलापगीतांचा ग्रंथ वाचला जातो. त्याचे शेवटचे वचन देवाने आपला कायमचा त्याग केला या भयाचे आहे. म्हणून ते वाचून झाल्यावर त्याच्या आधीचे, आम्हांस आपल्याकडे परत फिरव अशा विनवणीचे वचन मंडळी पुन्हा एकवार म्हणतात, आणि मगच वाचन संपते. यशया, उपदेशक आणि मलाखी ज्यांत शेवटी येतो ते बारा लघुसंदेष्टे, यांच्या ग्रंथांच्या अखेरीसही हाच रिवाज आहे.